वेबसाइट तुम्हालाच रोबोट समजू लागली तर: आधी काय, मग काय

इंदूरला रामबागेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं दुकान आहे. फॉर्मांच्या हंगामात दर दोन दिवसांनी कुणीतरी लॅपटॉप काखेत मारून येतं आणि एकच वाक्य बोलतं, "भिया, मी काहीच केलं नाही, तरी वेबसाइट आत घेत नाहीये." अडल्यावर काय केलंत असं विचारलं की खरी यादी बाहेर येते. वीसदा रिफ्रेश केलं, तीन ब्राउझर बदलले, भाच्याने सांगितलं म्हणून फुकटातलं व्हीपीएन (आपला खरा पत्ता लपवून दुसऱ्याच ठिकाणचा दाखवणारं ॲप) टाकलं, घाईत पासवर्डही चुकवला. बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, अडवायला वेबसाइटवर फिल्टर बसवलेला असतो. त्याला सुरुवातीला जरासाच संशय होता. तो या मंडळींनी स्वतःच्या हाताने पक्का करून दिला.

उपाय बहुतेकांना माहीत असतात, चुकतो तो क्रम. पुढचे टप्पे त्याच क्रमाने करा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

## टप्पा १: हात थांबवा, कागद घ्या

अडवल्याचा संदेश दिसला की पान रिफ्रेश करू नका. थोड्या वेळात फार विनंत्या आल्या म्हणून अडवणारे फिल्टर असतात. त्यांच्यापुढे प्रत्येक रिफ्रेश म्हणजे आणखी एक विनंती, आणि काही ठिकाणी त्यामुळे थांबण्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते.

आधी स्क्रीनशॉट घ्या. पूर्ण पानाचा, वरच्या पत्त्यासकट आणि तळापर्यंत. तळाशी बारीक अक्षरांत अंक-अक्षरांची एक लांब ओळ असते, तीच सगळ्यात कामाची. क्लाउडफ्लेअर (अनेक वेबसाइटना संरक्षण पुरवणारी कंपनी) हिच्या पानावर तिला 'रे आयडी' म्हणतात, इतरत्र 'रेफरन्स नंबर' किंवा 'इन्सिडेंट आयडी'. त्या एका ओळीवरून वेबसाइटवाल्याला तुमची नेमकी विनंती सापडते आणि ती कोणत्या नियमामुळे अडली तेही कळतं. लोक फोटो काढतात तो मोठ्या अक्षरांतल्या 'ॲक्सेस डिनाइड'चा, आणि ही ओळ नेमकी कापली जाते.

मग कागदावर लिहा: तारीख, मिनिटासह वेळ, घरचं वायफाय की मोबाइल डेटा, कोणता ब्राउझर, आणि अडण्याच्या क्षणी तुम्ही काय करत होता. शेवटच्या मुद्द्याला 'फॉर्म भरत होतो' एवढं उत्तर पुरत नाही. 'पत्त्याचा रकाना भरून पुढे जा दाबलं' असं हवं.

तपासा: स्क्रीनशॉट उघडून तळाची ओळ वाचता येते ना? येत नसेल तर आत्ताच दुसरा घ्या.

## टप्पा २: अडथळा कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

पानावर आकडा असेल तर निम्मं काम झालं. ४२९ किंवा क्लाउडफ्लेअरचा १०१५ म्हणजे 'फार घाई केलीत'. इथे उपाय फक्त वाट पाहणं. पंधरा-वीस मिनिटं टॅब बंद करून पोहे खाऊन या. ४०३ म्हणजे विनंती पोहोचली, पण नाकारली. १०२० म्हणजे वेबसाइटवाल्याने घातलेल्या एखाद्या नियमात तुम्ही सापडलात. १००९ आला तर तुमचा देश किंवा प्रदेशच अडवलेला आहे.

हा शेवटचा प्रकार आपल्याकडच्या लोकांना उलट्या बाजूने भेटतो. अनेक सरकारी वेबसाइट भारताबाहेरून उघडत नाहीत. मुलगा न्यू जर्सीहून आईचा अर्ज भरायला बसतो आणि पान कोरंच राहतं. किंवा आई इंदुरातच असते, पण तिच्या फोनवरचं व्हीपीएन तिला सिंगापूरची दाखवत असतं.

आकडा नाही, पण कॅप्चा, म्हणजे तुम्ही माणूसच आहात याची परीक्षा, संपतच नाही? दुचाक्या निवडल्या की बस, बस निवडल्या की झेब्रा क्रॉसिंग. उत्तरं बरोबर असूनही हे चालू राहिलं तर चूक तुमच्या निवडीत नाही. फिल्टर आता चित्रांपेक्षा तुमच्या ब्राउझरकडे आणि नेटवर्ककडे जास्त पाहतोय. आणखी दहा चित्रं सोडवू नका, टप्पा ३ कडे या. दृष्टी अधू असलेल्यांनी हेडफोनच्या खुणेवर बोट ठेवून आवाजाचा कॅप्चा जरूर मागावा. मात्र नेटवर्कवरच संशय असेल तर 'तुमच्या नेटवर्कवरून आपोआप विनंत्या येत आहेत' असं सांगून तोही नाकारला जातो.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे वेबसाइट 'धन्यवाद' म्हणते आणि पुढे काहीच होत नाही. त्याचं टप्पा ६ मध्ये बघू.

सावधान: 'मी रोबोट नाही' सिद्ध करण्यासाठी विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही आणि एंटर दाबा, असं एखादं पान सांगत असेल तर ते चोराचं पान आहे. खरा कॅप्चा ब्राउझरच्या बाहेर काहीही करायला सांगत नाही. असं केलं की त्यांनी गुपचूप कॉपी करून ठेवलेली आज्ञा तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. 'पुढे जाण्यासाठी नोटिफिकेशनला परवानगी द्या' हीसुद्धा त्यांचीच भावंडं.

## टप्पा ३: आपलं यंत्र आणि ब्राउझर

पहिलं बघायचं ते घड्याळ. हसू नका. आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या जुन्या डेस्कटॉपवर आठवडाभर कुठलीच मोठी वेबसाइट धड उघडत नव्हती. घरी जाऊन पाहिलं तर कोपऱ्यातली तारीख कित्येक वर्षं मागची. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ नावाचा नाण्याएवढा सेल मेला होता. वीज गेली की यंत्र आपल्या जन्मतारखेवर जाऊन बसायचं. काकू रोज सकाळी कॅप्चा सोडवत होत्या आणि रोज 'पुन्हा प्रयत्न करा' वाचत होत्या. तारीख चुकली की सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं आणि कॅप्चाच्या वेळेच्या खुणा जुळत नाहीत. सेल बदलला, वेळ 'आपोआप' वर ठेवली, काम झालं.

घड्याळ बरोबर असेल तर या क्रमाने:

१. व्हीपीएन, प्रॉक्सी आणि 'डेटा वाचवणारे' ब्राउझर बंद करा. तुमच्यासोबत त्याच दारातून कोण कोण जा-ये करतंय ते तुम्हाला ठाऊक नसतं, आणि फिल्टर दाराकडे बघून निर्णय घेतो.

२. त्याच ब्राउझरची खाजगी खिडकी उघडून एकदाच प्रयत्न करा. तिथे एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम) सहसा बंद असतात आणि कुकीज (वेबसाइटने तुम्हाला ओळखायला ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी) कोऱ्या असतात. इथे चाललं तर दोष एक्स्टेंशनचा किंवा खराब झालेल्या कुकीचा. एक्स्टेंशन एकेक करून बंद करा, जाहिराती अडवणारं सगळ्यात आधी.

३. कुकी पुसायची असेल तर फक्त त्या वेबसाइटची पुसा. पत्त्याशेजारच्या खुणेवर टिचकी मारली की तेवढीच पुसता येते. 'सगळा इतिहास पुसा' केलंत तर बँकेपासून मेलपर्यंत सगळीकडे तुम्ही अनोळखी ठरता आणि संशय वाढतो. ही चूक मी स्वतः अनेक वर्षं गिऱ्हाइकांच्या यंत्रांवर केली आहे.

४. ब्राउझर किती जुना आहे ते बघा. विंडोज ७ वर क्रोम १०९ व्या आवृत्तीवर थांबला, आणि २०२३ च्या सुरुवातीपासून त्याची नवी आवृत्ती तिथे चढतच नाही. इतका जुना ब्राउझर घेऊन खरी माणसंही फिरतात आणि बॉटही. फिल्टरला फरक कळत नाही.

## टप्पा ४: फुलीची चाचणी

सगळ्या लेखातला हा सगळ्यात मोलाचा टप्पा, आणि लोक नेमका हाच गाळतात. दोन प्रयत्न करायचे, मध्ये दहा मिनिटं सोडून:

- तोच लॅपटॉप, पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर.
- दुसरं यंत्र, समजा फोन, पण घरच्याच वायफायवर. मोबाइल डेटा बंद आहे ना, हे बघूनच.

लॅपटॉप हॉटस्पॉटवर चालला आणि फोन वायफायवर अडला, तर दोष घरच्या जोडणीत. लॅपटॉप दोन्हीकडे अडला आणि फोन वायफायवर चालला, तर दोष लॅपटॉपमध्ये, टप्पा ३ पुन्हा. दोन्ही प्रयत्न अडले तर तुमच्या खात्यावर खूण बसली आहे किंवा वेबसाइटच सगळ्यांना अडवतेय. तेव्हा थेट टप्पा ७. दोन्ही चालले तर मघाची तात्पुरती बंदी उठली, आता पुन्हा घाई करू नका.

सावधान: ही चाचणी करताना दर वेळी लॉगिन करू नका. थोड्याच वेळात दोन नेटवर्कांवरून एकाच खात्यात शिरणारा माणूस चोरासारखाच दिसतो. अडथळा लॉगिनच्या आधीच दिसत असेल तर पहिलं पान उघडण्यापुरतीच चाचणी ठेवा.

## टप्पा ५: दोष जोडणीत निघाला तर

इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला एक आयपी पत्ता लागतो. त्यातल्या जुन्या, आयपीव्ही४ पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४३० कोटी. जगातली यंत्रं त्याहून कितीतरी जास्त. म्हणून नेट पुरवणाऱ्या कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवतात. वाड्याला एकच दिंडी दरवाजा आणि आत पंचवीस बिऱ्हाडं, तसं. एका बिऱ्हाडातल्या पोराने दगड मारला की तक्रार वाड्याच्या नावाने येते.

तुमचं घर अशा वाड्यात आहे का, ते असं बघा. राउटरच्या सेटिंगमध्ये 'वॅन आयपी' लिहिलेला पत्ता टिपून घ्या. मग ब्राउझरमध्ये 'माझा आयपी पत्ता' शोधून बाहेर दिसणारा पत्ता टिपा. दोन्ही वेगळे असतील तर पत्ता वाटलेला आहे. राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर शंकाच नको, तो पट्टा याच कामासाठी राखलेला आहे. (बाहेर अपूर्णविरामांनी भरलेली लांबलचक ओळ दिसली तर तो नव्या, आयपीव्ही६ पद्धतीचा पत्ता. तोही लिहून ठेवा, वेबसाइटने कदाचित तोच पाहिला असेल.)

भंवरकुआंच्या कोचिंगच्या गल्ल्यांमध्ये हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर चालतो. तिथल्या पैसे भरून बसायच्या अभ्यासिका, ज्यांना पोरं लायब्ररी म्हणतात, एका वायफायवर चाळीस-पन्नास जणांना बसवतात. निकाल लागला की सगळे एकाच मिनिटाला एकच वेबसाइट उघडतात. पलीकडून दिसतं ते एवढंच: एका पत्त्यावरून शेकडो विनंत्या. प्रत्येकाला वाटतं आपल्यालाच अडवलं. तिथे शहाणपण एकच, वायफाय सोडून आपापल्या मोबाइल डेटावर या.

घरचा उपाय साधा. राउटर दहा मिनिटं बंद ठेवून चालू करा. बऱ्याच जोडण्यांना नवा पत्ता मिळतो, सगळ्यांना नाही. मोबाइलवर विमान मोड अर्धा मिनिट लावून काढला तरी पत्ता बहुधा बदलतो. पत्ता बदलूनही अडथळा तोच राहिला तर नेट कंपनीला फोन करा. स्थिर पत्ता वेगळे पैसे भरून मिळतो. ज्याचं रोजचं काम त्यावर आहे त्याने घ्यावा, एरवी गरज नाही.

आयपी काळ्या यादीत आहे का ते बघायला गेलात तर स्पॅमहॉस (स्पॅमवाल्यांच्या याद्या ठेवणारी संस्था) हिच्या पीबीएल यादीत तुमचा पत्ता सापडू शकतो. घाबरू नका. घरगुती जोडण्यांनी थेट मेल पाठवणं अपेक्षित नाही एवढंच ती यादी सांगते, आणि बहुतेक घरांचे पत्ते तिच्यात असायलाच हवेत. वेबसाइटने केवळ तिच्या आधाराने तुम्हाला अडवणं चुकीचं, आणि तक्रारीत तसं लिहायलाही हरकत नाही. एक्सबीएल यादीत सापडलात तर मात्र गंभीर: त्या पत्त्यामागचं कुठलं तरी यंत्र बिघडलेलं किंवा ताब्यात गेलेलं आहे.

ते यंत्र लॅपटॉपच असेल असं नाही. स्वस्तातले बिननावाचे अँड्रॉइड टीव्ही बॉक्स आधी बघा. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अशा बॉक्सांबद्दल जाहीर इशारा दिला होता. काही बॉक्स आतूनच बाधित होऊन येतात आणि तुमच्या घरच्या जोडणीवरून परक्यांची कामं करतात. एका घरी मी तो बॉक्स भिंतीतून उपटला आणि तीन दिवसांनी कॅप्चा आपोआप थांबले. 'नेट वाटा, पैसे कमवा' म्हणणारी ॲपही हेच करतात, फक्त तुमची परवानगी घेऊन.

## टप्पा ६: फॉर्म गिळला जातो तेव्हा

इथे मी आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. आमच्या मंडळाच्या स्नेहसंमेलनाचा नोंदणी फॉर्म मी बनवला होता. बॉट पकडायला त्यात एक न दिसणारा रकाना ठेवला. माणूस तो भरणार नाही, बॉट भरेल, भरलेले अर्ज गुपचूप टाकून द्यायचे. कल्पना जुनी आणि चांगली. पण रकान्याला नाव दिलं 'कंपनी'. ब्राउझरचं ऑटोफिल लोकांच्या नकळत तिथेही त्यांच्या ऑफिसचं नाव भरत गेलं. फॉर्मने प्रत्येकाला 'धन्यवाद' म्हटलं आणि अर्ज फेकून दिला. संमेलनाच्या दिवशी नोंदणीपेक्षा बरीच जास्त माणसं दारात उभी, आणि प्रत्येक जण फोन पुढे करून 'धन्यवाद' दाखवतोय. श्रीखंड पुरलं नाही. मला अजून ऐकवतात.

तेव्हा फॉर्म गिळला जातोय असं वाटलं तर:

- ऑटोफिल न वापरता एकदा सगळं हाताने टाइप करा. फार भरभर नको. पान उघडल्यापासून दोन-तीन सेकंदांत आलेला अर्ज काही फिल्टर बॉटचाच धरतात.
- मजकूर वर्ड किंवा व्हॉट्सॲपमधून थेट चिकटवू नका. आधी नोटपॅडमध्ये टाका, मग तिथून घ्या. सजावट त्याने गळते.
- अवतरणचिन्ह, सलग दोन आडव्या रेघा, कोनी कंस काढून बघा. डेटाबेसवरच्या हल्ल्यांत हीच चिन्हं असतात. म्हणून वरचा स्वल्पविराम घालून इंग्रजीत लिहिलेलं डिसोझा आडनाव फायरवॉलला हल्ला वाटू शकतं. 'सिलेक्ट', 'युनियन', 'फ्रॉम' हे इंग्रजी शब्द एकत्र आले तरी तेच.
- लिंक नकोत, पहिल्या संदेशात तर नकोच.

मराठीत लिहिणाऱ्यांचं एक वेगळंच दुखणं आहे. 'दुसऱ्या', 'सुऱ्या' यांतला अर्धा र जुन्या कीबोर्डांवर न दिसणाऱ्या एका जोडचिन्हाच्या मदतीने टाइप होतो. स्पॅमवालेही शब्द लपवायला अशीच न दिसणारी चिन्हं वापरतात, म्हणून काही फिल्टर त्यांना बिचकतात. दुसरी भानगड 'फक्त अक्षरं चालतील' म्हणणाऱ्या रकान्यांची. युनिकोडमध्ये क हे अक्षर, पण त्याची वेलांटी किंवा मात्रा वेगळ्या वर्गातलं चिन्ह. प्रोग्रामरने नियमात तो वर्ग धरला नाही तर 'कमल' आत जाते आणि 'किरण' दारात अडते. अशा वेळी नाव रोमनमध्ये लिहून काम उरका, आणि तक्रारही करा.

कोणता मजकूर अडतोय ते कळत नसेल तर निम्मा काढून पाठवा. गेला तर दोष काढलेल्या निम्म्यात. पुन्हा त्याचा निम्मा. थोड्याच फेऱ्यांत शब्द हाती लागतो. अर्ज एकदाच स्वीकारला जाणार असेल, परीक्षेचा किंवा पैसे भरायचा असेल, तर मात्र हा खेळ करू नका.

## टप्पा ७: तक्रार लिहिणे

'तुमची वेबसाइट बंद आहे' असं लिहिलं की उत्तर येतं, 'आमच्याकडे चालू आहे.' दोघेही खरं बोलत असतात. फिल्टरच्या नोंदींमधून तुमची विनंती त्यांना शोधता यावी, यासाठी पत्र लिहायचं. माझा नमुना हा:

"आज दि. __ रोजी सकाळी ११:१० वाजता (भारतीय वेळ, यूटीसी ०५:४०) तुमच्या __ या पानावर पत्त्याचा रकाना भरून पुढे गेल्यावर ४०३ आला. रेफरन्स क्रमांक __. माझा सार्वजनिक आयपी __. क्रोम, विंडोज ११, घरचं ब्रॉडबँड, व्हीपीएन नाही. मोबाइल डेटावरून हेच पान उघडतं. कृपया कोणत्या नियमामुळे विनंती अडली ते पाहून तो नियम दुरुस्त करावा. तोवर अर्ज भरण्याचा दुसरा मार्ग कळवावा."

यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, मुद्दाम लिहा. सर्व्हरच्या नोंदी बहुधा त्याच वेळेत असतात आणि साडेपाच तासांच्या फरकाने भलतीच विनंती तपासली जाते. शेवटचं वाक्यही गाळू नका. नियम दुरुस्त व्हायला महिना लागेल, तुमची मुदत परवा संपत असेल.

सावधान: पासवर्ड, ओटीपी, आधार क्रमांक पत्रात कधीही नको. स्क्रीनशॉटमध्ये दिसत असेल तर झाका.

पत्र त्याच अडलेल्या वेबसाइटच्या संपर्क फॉर्मातून पाठवू नका, तोच फिल्टर तेही गिळेल. मेल करा, आणि उत्तरासाठी स्पॅमचा फोल्डर रोज उघडून बघा.

उत्तर आलं नाही तर वर जा. खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव असावंच लागतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचं असतं. त्यापुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. केंद्र सरकारच्या वेबसाइटसाठी सीपीग्राम्स हे तक्रारींचं पोर्टल, मध्य प्रदेश सरकारच्या कामांसाठी सीएम हेल्पलाइन १८१. फोनवर नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक त्याच कागदावर लिहा, जो टप्पा १ मध्ये घेतला होता.

आणि शेवटच्या तारखेच्या रात्री हे सगळं करायला बसू नका. त्या रात्री प्रत्येक फिल्टर जास्त ताणलेला असतो, आणि माझं दुकान साडेआठला बंद होतं.